प्रथिन थेट टोचत का नाही?

"हाड भरून आणणारं प्रथिन आहे म्हणता, मग ते सरळ टोचत का नाही?" घरात कुणाचं हाड मोडलं की लोक मला हे हमखास विचारतात. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

टोचलं तर ते जागेवर थांबत नाही. थोड्याच वेळात रक्तात जाऊन संपतं, आणि हाड भरायला तर आठवडे लागतात.

१९६५ साली मार्शल युरिस्ट या अमेरिकी हाडांच्या डॉक्टरांनी खनिजं काढलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं, तर तिथे चक्क नवं हाड तयार झालं. त्यामागची प्रथिनं म्हणजे बीएमपी. त्यांपैकी बीएमपी-२ कोलॅजेनच्या स्पंजात भिजवून कमरेच्या मणक्यांसाठी वापरायला अमेरिकेत २००२ मध्ये परवानगी मिळाली. पण स्पंज प्रथिन फार काळ धरून ठेवत नाही. त्यामुळे ते शरीरात मुळात असतं त्याच्या कैक पट घालावं लागतं. परवानगी नसताना मानेच्या मणक्यांत वापरलं गेलं, तेव्हा काही रुग्णांचा गळा सुजला, श्वास घेणं अवघड झालं. २००८ मध्ये एफडीएला, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेला, तसा इशारा द्यावा लागला. औषध चांगलं होतं, पण एकदम सुटलं तर चांगलं औषधही बाधतं. माझं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं.

आम्ही स्कॅफोल्ड, म्हणजे हाडाच्या पोकळीत बसवायचा सच्छिद्र सांगाडा, असा करतो: साध्या फोमचा तुकडा हायड्रॉक्सीअपेटाइटच्या, म्हणजे हाडात असतं तशा कॅल्शियम फॉस्फेटच्या, दाट घोळात बुडवायचा, बोटांनी हलकेच पिळायचा, वाळवायचा आणि १२०० अंशांच्या वर भाजायचा. फोम जळून जातो, मागे त्याच्याच जाळीचं पांढरं सिरॅमिक उरतं. चिमटा जरा जोरात धरला तरी कड भुरभुरते. म्हणून वर पीएलजीए या पॉलिमरचा पातळ थर द्यायचा. तो भेगा बुजवतो आणि प्रथिनही पोटात ठेवतो. थर जाड झाला की छिद्रं बुजतात, मग रक्तवाहिन्या आत शिरणार कुठून?

पीएलजीए विरघळताना आम्ल सुटतं आणि आम्लानं प्रथिन बिघडतं. पण खालचं कॅल्शियम फॉस्फेट त्यातलं बरंचसं आम्ल शोषून घेतं. ही जोडी मला फार आवडते.

बीएमपी-२ महाग, म्हणून चाचणीला त्याच्याऐवजी लायसोझाइम हे जिवाणू फोडणारं स्वस्त प्रथिन घेतो. माझ्या पहिल्या नमुन्यांतून एका दिवसात निम्म्याहून जास्त बाहेर आलं होतं. त्या रात्री झोप लागली नाही. थर बदलत गेले. शिवाय नुसतं बाहेर येऊन भागत नाही, ते कामाचं उरलं पाहिजे. म्हणून जिवाणूंच्या गढूळ पाण्यात त्याचा थेंब टाकून बघतो. लायसोझाइम शाबूत असेल तर जिवाणू फुटतात. गेल्या महिन्यात ३७ अंशांवर १४ दिवस ठेवलेल्या कुपीतला थेंब टाकला, आणि पाणी माझ्यासमोर हळूहळू निवळत गेलं.