खराडीची नोकरी, सासवडची घोडी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा विषय मी स्वतःहून काढत नाही, काढला की तासभर थांबत नाही. प्रश्न नेहमी तोच असतो, नवऱ्याचं ऑफिस पुण्यात खराडीला, मग घोडी घेऊन सासवडला का राहता, मुळशीला किती मस्त हिरवंगार असतं!

तेच तर, हिरवंगार असतं.

आधी आम्ही ठाण्याला होतो आणि मैना, आमची काठेवाडी घोडी, कर्जतजवळ एका फार्मवर ठेवली होती. शनिवार-रविवार जायचो. पहिल्याच जुलैत खूर साफ करायला पाय उचलला तर तळाचा तो मऊ त्रिकोण काळा पडलेला, हुकने जरा खरवडलं की चिकट काहीतरी निघतंय आणि वास असा की सईसाने (घोडीची देखभाल करणाऱ्याने) पण तोंड फिरवलं. दिवसरात्र ओल्यात उभी, दुसरं काय होणार. नालबंद, म्हणजे खूर कापून नाल ठोकणारा, लांबून यायचा, म्हणजे फोनवर "उद्या येतो ताई" एवढंच यायचं. चारा म्हणजे भाताचा पेंढा, त्यालाही पावसात बुरशी, आणि ऑगस्टमध्ये एका रात्री अकराला सईसाचा फोन, घोडी पुढच्या पायाने जमीन खरवडतेय, वळून वळून पोटाकडे बघतेय, लोळायला बघतेय. पोटशूळ. आम्ही ठाण्याहून पोचलो, पाळीपाळीने तिला चालवत राहिलो, डॉक्टर आले पहाटे चारला. वाचली, नशीब.

म्हणून नवऱ्याला पुण्याला बदली मिळाली तेव्हा मी घर बघायला सुरुवातच केली नाही, आधी नालबंद आणि डॉक्टर कुठे आहेत ते बघितलं. पुण्यात रेसकोर्स आहे त्यामुळे घोड्याचं काम कळणारी माणसं मिळतात (गाई-म्हशींचे डॉक्टर कुठेही भेटतात, घोड्याला हात लावायला बरेचजण कचरतात), आणि शिरवळला व्हेटर्नरी कॉलेज आहे. सासवडहून नारायणपूर-कापूरहोळ करत जाता येतं.

आता मुळशी. घाटमाथ्याच्या कडेला कोकणातलाच पाऊस पडतो हो, भाताची खाचरं उगाच नाहीत तिकडे. पूर्वेला सरकाल तसा पाऊस झपाट्याने कमी होतो, पुरंदरला, म्हणजे सासवडच्या तालुक्यात, जमीन पटकन वाळते आणि ज्वारीचा कडबा जवळ मिळतो. ४०० किलोच्या घोडीला रोज ८ किलोच्या आसपास सुका चारा लागतो, चंदी (दाणा) वेगळी, म्हणजे महिन्याला जवळपास अडीचशे किलो, एवढं लांबून आणत बसलात तर संपलात. उलट बाजू पण सांगते, एप्रिल-मेमध्ये इकडे पाण्याची बोंब, टँकर मागवावा लागतो, आणि उन्हाळ्यात ती एकटी दिवसाला ४० लिटर पिते.

माझा खरा हट्ट अजून पूर्वेच्या बारामतीचा होता. नवरा शांतपणे म्हणाला, तू आणि मैना राहा, मी दिवाळीला येतो. मग त्याने काय केलं, सासवडला आठवडाभर खोली घेतली आणि रोज सकाळी साडेआठला गाडी काढून खराडी गाठली. दिवेघाट बरा, हडपसर वाईट, पण आठवड्यातून तीन दिवस जमेल म्हणाला, दोन दिवस घरून काम. पालखीच्या दिवशी घाट बंद असतो, त्या दिवशी तो सुट्टीच टाकतो.

जमीन विकत घ्यायच्या भानगडीत पडलो नाही, म्हणजे पडताच येत नव्हतं, दोघांच्याही घरात सातबारा नाही आणि शेतकरी नसाल तर महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही. एका काकांचा रिकामा गोठा आणि बाजूची दहा गुंठे भाड्याने घेतली, दगडी फरशी काढून मुरूम टाकला, झाला तबेला. आणि घोडी हलवायच्या आधी ग्लँडर्सची टेस्ट आणि डॉक्टरचा दाखला घ्याच, कंटाळा करू नका, तो रोग माणसालाही होतो आणि घोडं पॉझिटिव्ह आलं तर त्याला मारावंच लागतं.

तुम्ही जागा बघायला निघालात तर जानेवारीत जाऊ नका, जानेवारीत सगळ्याच जागा छान दिसतात. ऑगस्टमध्ये जा, गमबूट घालून, आणि तिथे आधीच कोणाचं घोडं असेल तर मालकाला विचारून घोड्याचा पाय उचलून बघा.