घटका, तास आणि नऊ सतराची

‘किती वाजले?’ असं विचारलं की समोरचा मनगट वळवतो किंवा खिशातून मोबाइल काढतो. वाजत कुठेच काही नसतं. फलाटावरच्या इंडिकेटरवर आकडे मुकाट बदलतात, तरी आपला प्रश्न मात्र कानाचाच. आपल्या भाषेला वेळ आधी ऐकू आली, दिसायला लागली ती फार नंतर. ‘तास’ म्हणजे मुळात टोले द्यायची धातूची थाळी. कुणीतरी तिच्यावर हातोडा हाणायचा आणि अख्ख्या गडाला कळायचं. पुढे थाळी गेली, हातोडा गेला, आणि दोन टोल्यांच्या मधलं जे रिकामं अंतर, तेवढं ‘तास’ या नावाने आपल्याकडे राहिलं.

त्याच्या आधीचा हिशेब घटकांचा. दिवसरात्र मिळून ६० घटका, म्हणजे एक घटका चोख २४ मिनिटांची. तिची पुन्हा ६० पळं, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की घटका भरली. ‘त्याची घटका भरली’ म्हणताना आपण एका बुडलेल्या वाटीविषयी बोलतोय हे कुणाच्या गावीही नसतं. लग्नात अजून कुठे कुठे घटिकास्थापना होते. गुरुजी मंत्र म्हणून वाटी पाण्यात सोडतात आणि मग ‘सावधान’ कधी म्हणायचं ते बाजूला उताण्या ठेवलेल्या मोबाइलवर बघतात. वाटीला मान, मोबाइलला काम.

शेतावरच्या माणसाला एवढीही बारीक मोजणी लागत नसे. झुंजूमुंजू झालं, दिवस कासराभर वर आला, गुरं परतली, तिन्हीसांज झाली, एवढ्यावर त्याचा दिवस नीट पार पडायचा. बोटीतून भाऊच्या धक्क्यावर उतरलेल्या आणि घाट उतरून आलेल्या आमच्या लोकांनी ही सगळी शब्दसंपत्ती वळकटीबरोबर मुंबईत आणली. इथे तिचा काही उपयोग नव्हता. लालबागच्या चाळीत सूर्य कासराभर वर आलाय हे बघायला आधी समोरच्या चाळीचं छप्पर उचलायला हवं.

इथे वेळ सांगायचा तो गिरणीचा भोंगा. (हल्ली भोंगा म्हटलं की वेगळीच चर्चा सुरू होते, म्हणून पुढे सरकतो.) १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू केली आणि पुढे पाच-सहा दशकांत परळ-लालबाग-भायखळ्याचं आभाळ चिमण्यांनी भरून गेलं. विजेचे दिवे येईपर्यंत गिरण्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत. म्हणजे मालकांचं घड्याळही एका अर्थी कासराभर दिवसाचंच होतं, फक्त कासरा त्यांच्या हातात. दिवे आले, रात्रीही साचे, म्हणजे कापडाचे माग, चालू ठेवणं शक्य झालं आणि मग ‘पाळी’ आली.

हा शब्द कुणी पंडिताने घडवला नाही. गावात विहिरीच्या पाण्याची पाळी असते, देवळात गुरवाची पाळी असते, गुरं राखायची पाळी असते. ज्याची त्याची आळीपाळीने येणारी वेळ. कामगाराने तोच शब्द उचलून गिरणीच्या फाटकात नेला: पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. साहेब काय म्हणतो याची त्याने वाट पाहिली नाही. ‘बदली’चंही तसंच. सरकारी नोकराची बदली झाली की तो सामान बांधून दुसऱ्या गावी जातो. गिरणीतला बदली मात्र कुठेच जात नाही, तो फाटकापाशी उभा असतो, कुणाचा खाडा पडतोय याकडे डोळे लावून. शब्द एकच, एकाला त्यात बढतीची आशा, दुसऱ्याला आजच्या चुलीची.

माझे आजोबा साचेखात्यात होते. त्यांच्या पाळीवर घरातल्या सगळ्यांचीच पाळी ठरे. आजी कुकरच्या शिट्ट्या नव्हे, भोंगे मोजायची. पहिल्या भोंग्याला पोळी तव्यावर, दुसऱ्याला डबा दारात. तिला घड्याळ नीट कळत नसे, आणि आजोबा एकदाही उशिरा पोचल्याचं घरात कुणाला आठवत नाही.

आठवड्याची सुट्टी ही कल्पनासुद्धा इथे उपरीच. सण असेल तेव्हा काम बंद ही आपली रीत. दर सातव्या दिवशी काहीही कारण नसताना घरी बसायचं हे पटवणं अवघड. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी सुरू झाली. रविवार हा खंडोबाचा वार, हा मुद्दा त्यांनी मांडल्याचं सांगतात. साहेबाचा चर्चचा दिवस मल्हारीच्या पदरात टाकून मागून घेतला. मला तर ही चाल फार आवडते. नवी कल्पना अंगणात आणायची तर ओळखीच्या देवाचा हात धरून आणावी.

रेल्वेने मात्र कुणाचा हात धरला नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ती साडेतीनच्या सुमारास. साडेतीन आपल्याला सोयीचं होतं. मराठीत वेळ पावलीने मोजतात: सव्वा, साडे, पावणे. रुपयाचा तोच हिशेब, शेराचा तोच. लोकल आली आणि तिने ही पावली मोडून सुटे करून दिले. नऊ सतरा, आठ बेचाळीस, सहा एकोणतीस. जगात इतर कुणाला नऊ वाजून सतरा मिनिटांचं इतकं अगत्य असेल असं वाटत नाही. त्यात ‘वाजून’ही गेलं आणि ‘मिनिटं’ही गेली, ‘गाडी’सुद्धा गेली. राहिली ती ‘नऊ सतराची’. ‘माझी नऊ सतराची चुकली’ असं माणूस म्हणतो, त्यातलं ते ‘ची’ घरच्या बाईमाणसासाठी लावावं तसं.

पण मुळात नऊ कुणाचे? मुंबईची स्वतःची वेळ होती, मुंबईच्या सूर्यावर बेतलेली. रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर, ती सुमारे अर्धा तास पुढे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने आजची प्रमाणवेळ लागू केली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी पुढे. म्हणजे घड्याळात बारा वाजायचे आणि सूर्य अजून माथ्यावर यायचा असायचा. मुंबईकर चिडले. त्याच जानेवारीत एका गिरणीत कामगारांनी काम थांबवून दगडफेक केली, कारण सकाळचा भोंगा त्यांच्या झोपेतून ३९ मिनिटं कापून घेत होता. महापालिकेने तर मुंबई टाइमचा हट्ट स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं सोडला नाही.

भर म्हणून महायुद्धात, १९४२ ते १९४५, सरकारने घड्याळं आणखी एक तास पुढे केली. आजी-आजोबांची १९४३ची लग्नपत्रिका आमच्या कपाटात आहे, पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. गोरज मुहूर्ताची वेळ मिनिटासकट छापली आहे आणि पुढे कंसात ‘नवा टाइम’. तो कंस नसता तर मुंबई टाइम धरणारा पाहुणा दीड तासाहून जास्त उशिरा, थेट पंगतीलाच पोचला असता. काही पाहुण्यांची तशी तयारी असतेच म्हणा. ‘नवी वेळ’ असं का छापलं नसेल? मला वाटतं, वेळ ही आपली, ती नवी-जुनी होत नाही; नवा-जुना होतो तो सरकारचा टाइम.

विद्वानांनी या सगळ्याला पुढे चांगली नावं दिली. ‘प्रमाणवेळ’ भूगोलाच्या पुस्तकात सुखाने राहते आहे. ‘वेळापत्रक’ तेवढं घरोघर पोचलं, पण लोकलच्या बाबतीत ते आपल्याला आठवतं ते कोलमडल्यावरच. पावसाळ्यात पेपरवाल्यांना ‘वेळापत्रक’ आणि ‘कोलमडलं’ हे दोन शब्द एकत्रच जुळवून ठेवावे लागत असतील.

मला गंमत वाटते ती त्या जुन्या मापांची. २४ मिनिटांची काटेकोर घटका आज ‘घटकाभर टेका’ म्हणताना तासभर लांबते. २४ सेकंदांचं पळ तर फक्त कवितेत सापडतं. त्यांच्या जागी जे मिनिट-सेकंद आले, ते आले तेव्हा कडक इस्त्रीचे साहेब होते. त्यांच्यावर गाड्या सुटत होत्या, पगार कापले जात होते. मुंबईत राहून तेही आपल्यातलेच झाले. ‘एक सेकंद हां’ म्हणून फोन बाजूला ठेवणारा माणूस आतल्या खोलीत जाऊन भांडण मिटवून येतो. ‘दोन मिनिटांत पोचतोय’ हे वाक्य डोंबिवलीच्या फलाटावरून दादरच्या माणसाला बेधडक सांगता येतं, आणि दादरचा माणूसही ते ऐकून निवांत चहा सांगतो. त्याला राग येत नाही. कुणी ‘अठरा मिनिटांत पोचतो’ म्हणालं तरच तो बिचारा धावत पुलावर जाऊन उभा राहील.

काल आमच्याकडे दहा मिनिटांत किराणा पोचवणारा मुलगा आला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, मग खालून फोन, लिफ्ट बंद आहे. ‘काका, पाचच मिनिटं,’ तो म्हणाला. आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो. मी म्हटलं, घटकाभर बस खाली, मीच येतो.