जुन्या काळ्या सायकलला 3 गिअर बसवले, माझा अनुभव

संभाजीनगरात आता रेट्रो लूकच्या सायकली बऱ्याच दिसायल्यात, वाकडं हँडल, तपकिरी सीट आणि आत गिअर वगैरे सगळं नवीन. मला पण तशीच पाहिजे होती, पण वडलांची काळी 28 इंची घरात उभी होती, म्हणून म्हणलं हिलाच करू. कारण आराम तिच्यात मुळातच आहे हो, ताठ बसता येतं, स्प्रिंगची सीट, मोठी चाकं, फुल चेनकव्हर असल्यामुळं पँट काळी होत नाही. कमी होते ते फक्त गिअर आणि पावसात लागणारे ब्रेक.

हब म्हणजे चाकाच्या मधला भाग, ज्यात गिअर असतात, तो घेतला शिमानो कंपनीचा नेक्सस, 3 गिअरचा, उलटं पायडल मारलं की ब्रेक लागतो तो. तसा हा प्रकार जुनाच आहे, इंग्लंडात नॉटिंगहॅमला 1902 साली स्टर्मी-आर्चर कंपनी निघाली ती 3 गिअरच्या हबसाठीच. गिअर सगळे आत बंद, त्यामुळं आपल्याकडच्या धुळीत हेच बरं, आणि सिग्नलला उभं राहून पण गिअर बदलतो.

खरं काम पुढं होतं. जुन्या मागच्या रिमला आऱ्यांची 40 भोकं आणि हबला 36, म्हणजे रिम बदलणं आलंच. दोन्ही चाकांना 700सी मापाची ॲल्युमिनियमची रिम घेतली, तिचं माप 622 मिमी आणि जुनीचं 635, म्हणजे टायर-ट्यूब पण नवीन. आणि जुने सळईचे ब्रेक रिमला आतून, आऱ्यांच्या बाजूनं घासतात, ते या रिमला चालतच नाहीत, म्हणून पुढं लांब हाताचा कॅलिपर, म्हणजे रिमला दोन्ही बाजूनं चिमटणारा ब्रेक लावला.

हबची फ्लँज, म्हणजे आरे अडकतात ती कडा, मोठी असल्यानं आरे आखूड लागले. चाक बांधून दिलं आमच्या छावणीतल्या चाचांनी, आऊट असा काढला की रिम फिरताना हलतच नाही. मागचा चिमटा, म्हणजे फ्रेमचा चाक बसतो तो भाग, हबला थोडा अरुंद पडत होता तर चाचा म्हणले, "लोखंड आहे, ओढता येतंय, ॲल्युमिनियमची फ्रेम असती तर हात लावला नसता." मग दोन्ही बाजूनं दोरी लावून मोजत मोजत सारखा ओढला, एकीकडं जास्त गेला तर चाक तिरकं बसतंय.

दुसरा गिअर थेट म्हणजे 1 धरला तर पहिला 0.733 आणि तिसरा 1.364. म्हणजे पहिल्यात पायडल पाव भागाहून जास्त हलकं होतं! मिटमिटा, शरणापूर करत दौलताबादच्या घाटात गेलो, जिथं या सायकलवरून सगळे उतरून ढकलत जायचे तिथं मी सीटवरून न उठता वर गेलो, इतका आनंद झाला की वर थांबून घरी फोन केला. फक्त उतरताना उलट्या पायडलचा ब्रेक सारखा धरून ठेवू नका, हब तापतो, पुढचा ब्रेक पण वापरा.

पैशाचं म्हणाल तर हब सगळ्यात महाग, बाकीचं जुळवता येतं. टायर मात्र जाड रबराचा घ्या, बाभळीचे काटे सगळीकडं आहेत. आता पुढच्या चाकाला डायनॅमो हब बसवायचाय, 6 व्होल्ट 3 वॅटचा, चाक फिरलं की दिव्याला वीज देतो तो, म्हणजे चार्जिंगची भानगड नको, त्यासाठी ते चाक परत बांधायचं आहे, चाचांना सांगून ठेवलंय.