दुभाष्याचे भाषांतर तपासणार कोण?

आमच्याकडच्या जिल्हा न्यायालयांत परदेशी भाषा बोलणारा आरोपी किंवा साक्षीदार क्वचितच येतो आणि म्हणूनच तो आला की सगळ्यांची धावपळ उडते. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात येमेनसारख्या देशांतून विद्यार्थी येतात, वेरूळ-अजिंठ्याला जपान आणि थायलंडचे पर्यटक येतात, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत कोरियन कंपनीही आहे. यांपैकी कोणी फसवणुकीचा फिर्यादी असतो, कोणी अपघाताचा साक्षीदार, तर कोणी व्हिसाची मुदत उलटल्यावरही राहिलेला आरोपी. अशा वेळी दुभाषी शोधण्याचे काम बहुधा तपास अधिकाऱ्याच्या गळ्यात पडते आणि तो ओळखीपाळखीतून माणूस आणतो: अरबीसाठी मदरशातले मौलाना, जपानीसाठी पर्यटकांचा गाइड. या माणसांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. परंतु ग्रंथांतली अरबी वाचणे वेगळे आणि येमेनमधल्या तरुणाने घाबरून, भरभर दिलेली उत्तरे समजणे वेगळे. शिवाय पोलीस ठाण्यात जबाबाच्या वेळी बसलेला दुभाषीच पुढे न्यायालयात उभा राहिला, तर आरोपीला तो पोलिसांचाच माणूस वाटणार.

कायद्यात हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष होत असेल आणि तो स्वतः हजर असेल, तर ती खुल्या न्यायालयात त्याला समजेल अशा भाषेत सांगितली पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 314 सांगते. दुभाष्याने खरेच भाषांतर करण्याचे बंधन कलम 317 मध्ये आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हीच कलमे 279 आणि 282 होती. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1962 च्या निकालात तर, स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत देऊन त्या माणसाला समजणाऱ्या भाषेतली प्रत नाकारली, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धताच रद्द केली. मात्र दुभाषी कोणाला म्हणावे, त्याची परीक्षा कोणी घ्यावी, याबद्दल ही कलमे काहीच सांगत नाहीत.

माझ्या मते खरी अडचण याच्याही पुढची आहे. आपल्याकडे साक्ष नोंदवली जाते ती कशी, हे पाहावे. साक्षीदार आपल्या भाषेत उत्तर देतो, दुभाषी ते मराठीत किंवा हिंदीत सांगतो, न्यायाधीश ते ऐकून लघुलेखकाला आपल्या वाक्यांत सांगतात आणि टंकलेखन होऊन कागद तयार होतो. सत्र न्यायालयात साक्ष सामान्यतः प्रश्नोत्तरांच्या रूपात न घेता कथनाच्या रूपात घेतली जाते, त्यामुळे प्रश्नही नोंदीत उरत नाही. साक्षीदाराचे स्वतःचे शब्द अभिलेखात कुठेच नसतात. अपिलात वकिलाने भाषांतर चुकल्याचे म्हटले, तर उच्च न्यायालय ते कशाशी ताडून पाहणार?

मराठवाड्यातल्या वकिलाला हा फरक लवकर कळावा. निजामाच्या राजवटीतले उर्दू मुंतखब (इनाम-वतनाच्या हक्काचे दाखले) आणि दस्त जमिनीच्या वादांत अजूनही दाखल होतात, त्यांच्या भाषांतरावर कडाक्याचे वाद होतात. पण मूळ कागद प्रकरणात असतो, दुसऱ्या जाणकाराकडून त्याचे पुन्हा भाषांतर करून घेता येते. बोललेल्या साक्षीला अशी सोय नाही.

साक्षीची नोंद साक्षीदाराच्या भाषेत नसेल आणि ती भाषा त्याला कळत नसेल, तर ज्या भाषेत साक्ष दिली त्या किंवा त्याला समजणाऱ्या भाषेत ती त्याला सांगितलीच पाहिजे, अशी तरतूद कलम 313 मध्ये आहे. हेतू चांगला आहे, परंतु ते काम पुन्हा त्याच दुभाष्याकडे दिले, तर त्याचा गैरसमज असेल तसाच परत फिरतो आणि साक्षीदार मान डोलावतो. ही पडताळणी दुसऱ्या दुभाष्याने करावी. तो संभाजीनगरात मिळेलच असे नाही. मुंबईत किंवा दिल्लीत बसून व्हिडिओ कॉन्फरन्सवरून त्याला हे करता येईल.

त्याहून आधी करायची गोष्ट म्हणजे दुभाष्यामार्फत होणाऱ्या प्रत्येक साक्षीचे ध्वनिमुद्रण. दंडाधिकाऱ्यांपुढील वॉरंट खटल्यांत (दोन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांच्या) आरोपीच्या वकिलाच्या उपस्थितीत दृकश्राव्य माध्यमातून साक्ष नोंदवण्याची मुभा 2009 च्या दुरुस्तीनेच जुन्या संहितेत आली होती आणि नव्या संहितेतही ती आहे. जिथे मधे तिसरा माणूस बोलतो, तिथे या मुभेचे बंधन करावे. युरोपीय संघाच्या 2010 च्या निर्देशात भाषांतराचा दर्जा पुरेसा नसल्याची तक्रार करण्याचा हक्क आरोपीला दिला आहे; आपल्याकडे तसा हक्क दिला, तरी ध्वनिमुद्रणाशिवाय तो कागदावरच राहील.

दुभाष्यांच्या यादीचे काम प्रत्येक जिल्ह्याने वेगळे करण्यात अर्थ नाही. औरंगाबाद खंडपीठाच्या पातळीवर एकच यादी असावी आणि तिच्यात अरबी, जपानी यांच्याबरोबर किनवटकडच्या गोंडी व कोलामीलाही जागा असावी, कारण मराठीतली साक्ष न समजणाऱ्या गोंड आरोपीची अवस्था परदेशी माणसापेक्षा फार निराळी नसते, फक्त त्याच्यासाठी कोणताही दूतावास फोन करत नाही. नाव घेण्यापूर्वी भाषेबरोबर न्यायालयाची रीतही तपासावी: साक्षीदार जे बोलला ते प्रथमपुरुषातच सांगणे, अडखळणे गाळून उत्तर नीटनेटके न करणे, कळले नाही तर तसे न्यायाधीशांना सांगणे. वकिलांनीही छोटे प्रश्न विचारावेत. नाझी नेत्यांवर 1945 मध्ये सुरू झालेल्या न्यूरेंबर्ग खटल्यात बोलणाऱ्याने वेग आवरावा म्हणून पिवळा दिवा लागत असे आणि थांबायचे तेव्हा लाल. आमच्या वकील संघातल्या काही उलटतपासण्या ऐकताना मला त्या दिव्यांची फार आठवण येते.

मानधन न्यायालयाच्या निधीतून, तारीख तहकूब झाली तरी त्याच दिवशी मिळावे. दिवसभराचा रोजगार बुडवून आलेला गाइड संध्याकाळी नुसतीच पुढची तारीख घेऊन गेला, तर त्या तारखेला तो येत नाही.