पिरुएटची वही: लोझानचा आठवडा आणि नंतरचे सहा आठवडे

डिसेंबरच्या नोंदीत लिहिलं होतं की डावीकडची एकेरी पिरुएट (बॅलेतली एका पायाच्या चवड्यावरची गिरकी) दहापैकी सात-आठ वेळा जमते आणि उजवीकडची तीन वेळासुद्धा नाही. का, ते तेव्हा कळत नव्हतं. आता बऱ्यापैकी कळलंय, आणि ते कळलं वर्गात नाही, बोल्यू थिएटरच्या खुर्चीत बसून, प्री द लोझान ही बॅले स्पर्धा बघताना.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: लहानपणी पुण्यात नऊ वर्षं कथक शिकले. बॅले सुरू केलं चौतिसाव्या वर्षी, इथे स्वित्झर्लंडमध्ये लोझानला राहायला आल्यावर. आठवड्यातून दोन संध्याकाळी मोठ्यांचा वर्ग, बाकी सराव घरी स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून.

स्पर्धेचा आठवडा

प्री द लोझान ही तरुण बॅले नर्तकांची स्पर्धा 1973 पासून चालू आहे. फिलिप आणि एल्विर ब्राउनश्वाइग या जोडप्याने ती सुरू केली. गुणी मुलांना चांगल्या शाळेत शिकायला पैसे नसतात, ही त्यांची मूळ कळकळ. म्हणून इथलं खरं बक्षीस म्हणजे नावाजलेल्या शाळेत किंवा कंपनीत वर्षभर शिकायची सोय, आणि कुठे जायचं ते विजेता स्वतः निवडतो. अलेसांद्रा फेरी, डार्सी बसेल, कार्लोस अकोस्टा ही सगळी नावाजलेली बॅले नर्तक मंडळी याच स्पर्धेतून पुढे आली.

पण मला अंतिम फेरीपेक्षा आधीचे दिवस जास्त आवडतात. साधारण ऐंशी मुलंमुली येतात, वय पंधरा ते अठरा. आल्या आल्या कुणी त्यांना नाचून दाखवा म्हणत नाही. रोज वर्ग असतो, शास्त्रीय आणि आधुनिक दोन्ही, आणि परीक्षक तिथेही गुण देतात. पाठ केलेली दीड मिनिटं कुणीही घासून चकचकीत करू शकतं. समोर नवे शिक्षक, नवा क्रम, आणि बारला (आधाराच्या आडव्या दांडीला) धरून रोजचं तेच तांद्यू, म्हणजे पाय जमिनीवरून सरळ ताणत नेण्याचा प्राथमिक सराव, तेव्हा कुठे खरा नाचणारा दिसतो. मुलं येण्याआधीच त्यांचे वैद्यकीय कागद तपासले जातात, कारण वजनाच्या हट्टापायी उपाशी राहणारी मुलं या क्षेत्रात कमी नाहीत. यावर स्पर्धा इतकी ठाम राहते, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

मग मार्गदर्शनाची सत्रं. शास्त्रीय नाचासाठी प्रत्येकाला थेट रंगमंचावर काही मिनिटं मिळतात. पियानो वाजतो, मार्गदर्शक बाजूला उभे, मुलांचे नेहमीचे शिक्षक खाली अंधारात. त्या शिक्षकांकडे बघवत नाही. आपलं मूल दुसऱ्याच्या हाती देऊन हात मांडीवर ठेवून बसलेले असतात.

आणि रंगमंच सपाट नाही, प्रेक्षकांकडे उतरता आहे. सपाट फरशीवर वाढलेल्या मुलांचा पहिला दिवस त्या उताराशी जुळवून घेण्यात जातो. वजन आपोआप पुढे पडतं, गिरकीचा अक्ष कलतो आणि फिरता फिरता पाय पुढे सरकत जातो.

एक मुलगी 'जिझेल' या बॅलेच्या पहिल्या अंकातला एकल नाच करत होती. त्यात ती प्रसिद्ध जागा येते: डाव्या पायाच्या बोटांच्या टोकावर छोट्या छोट्या उड्या घेत तिरक्या रेषेत पुढे यायचं, उजवा पाय हवेत बारीक वर्तुळं काढतोय, आणि चेहऱ्यावर गावातल्या प्रेमात पडलेल्या पोरीचा आनंद. तिच्या उड्या जमत होत्या, पण प्रत्येक उडीला घोटा किंचित सैल पडून पुन्हा घट्ट होत होता. मार्गदर्शक बाईंनी पायाबद्दल चकार शब्द काढला नाही. तिच्या पाठीवर, खांद्यांच्या फऱ्यांखाली तळहात टेकवला आणि तो हात तिथेच राहील अशा बेताने त्या तिच्याबरोबर चालत गेल्या. पाठ उचललेली राहिली, घोट्यावरचा भार कमी झाला आणि पाय स्थिर झाला. दुसऱ्या फेरीला बाईंनी हात काढून घेतला, तरी पाठ तशीच होती. इतक्या वेळात त्यांनी एकच दुरुस्ती केली. हातांत, मानेत, नजरेत सांगण्यासारख्या आणखी पाच गोष्टी मलासुद्धा दिसत होत्या. त्यांना पन्नास दिसल्या असतील.

दुसरा एक मुलगा. चार-पाच गिरक्या सहज घेणारा, पण उतारावर दर वेळी शेवट निसटत होता. त्याच्या मार्गदर्शकांनी गिरक्याच बंद केल्या. नुसतं चवड्यावर चढायचं, पाय गुडघ्याशी, थांबायचं, उतरायचं. चार वेळा. मग एकच गिरकी. मुलाच्या कपाळावर आठी आली, त्याला हे बाळबोध वाटलं असावं. पण एकेरी गिरकी संपवून तो असा उभा राहिला की आमच्याकडे तबलजीने मान डोलावली असती. अगदी समेवर. नंतर तीन घेतल्या, त्याही तशाच.

मी वहीत लिहून घेतलं: आधी वर, मग वळण.

पहिला आणि दुसरा आठवडा

कथकचे चक्कर आम्ही टाचेवर घेतो. टाच जमिनीला असते म्हणून शरीराला वर चढावं लागत नाही, फिरणं आणि उभं राहणं एकाच क्षणी होतं. बॅलेत आधी चवड्यावर चढावं लागतं आणि माझं शरीर ती पायरी गाळत होतं. चक्कर डावीकडे घ्यायची सवय असल्यामुळे तिकडे निभावून जायचं. उजवीकडे सवयीचा आधार नाही, तेव्हा खांदा आधी पळायचा आणि कंबर मागे राहायची.

म्हणून दोन आठवडे गिरकी बंद. उजव्या-डाव्या दोन्ही पायांवर रोज वीस वेळा नुसतं चढणं आणि दोन मात्रा थांबणं. फार कंटाळवाणं. तिसऱ्या दिवशी डाव्या पोटरीत गोळा आला आणि दोन दिवस सुट्टी घ्यावी लागली. तुम्ही करणार असाल तर वीसवरून सुरुवात करू नका. आठ पुरे, आणि नंतर पोटरी नीट ताणा.

तिसरा आठवडा

पाव वळण, मग अर्धं. इथे कथकचा उपयोग झाला. नजर एका बिंदूवर रोखून मान शेवटी फिरवायची हे अंगात आहे, त्यासाठी वेगळे कष्ट पडले नाहीत. पुण्याच्या ताईंनी पट्टी घेऊन शिकवलेलं वीस वर्षांनी असं कामी येतंय.

चौथा आठवडा

वर्गात बाईंना सांगितलं की हा महिना मला एकच गोष्ट बघायचीय, खांदा. त्या हसल्या आणि खरोखर बाकी काही बोलल्या नाहीत. पूर्वी मी एका वर्गात आठ सूचना घेऊन घरी यायचे आणि दाराशी चपला काढेपर्यंत सहा विसरलेल्या असायच्या.

मध्येच एक आठवण. 2017 साली मुंबईच्या अमीरुद्दीन शाहला लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला, येहुदा माओर यांच्या हाताखाली शिकून, बॅलेच्या मानाने खूप उशिरा सुरुवात करून. त्या मुलाची आणि माझी बरोबरी नाही. पण बोल्यूमध्ये बसल्यावर दर वर्षी वाटतं की आपल्याकडच्या मुलांना या रंगमंचावरची पाच मिनिटं मिळायला हवीत. बक्षीस नंतर. अंतिम फेरीत साधारण वीसजण जातात, पण बाकीच्यांनाही शाळा आणि कंपन्यांचे संचालक बघतात, बोलावतात. नुसतं तिथवर पोचण्यालाही मोल आहे.

पाचवा आणि सहावा आठवडा

पूर्ण गिरकी परत सुरू. दर रविवारी दोन्हीकडे दहा-दहा, फोनवर चित्रण करून मोजलं. शेवट स्थिर असेल तरच 'जमली' म्हणायचं, पाय उडवून सावरलेली धरायची नाही.

पाचवा रविवार: उजवीकडे पाच, डावीकडे सहा.
सहावा रविवार: उजवीकडे सात, डावीकडे सात.

डिसेंबरच्या मानाने डावीकडचा आकडा थोडा घसरला, कारण जुनी सवय मोडतेय आणि नवी अजून पक्की नाही. चित्रणात स्पष्ट दिसतं: पहिल्या तीन गिरक्यांत खांदा थांबतो, चौथीपासून दमल्यावर पुन्हा पळायला लागतो. आता दहा सलग घेण्याऐवजी तीन-तीनचे गट करणार, मध्ये मिनिटभर विश्रांती. दुहेरी गिरकीला मे महिन्यापर्यंत हात लावणार नाही.

डाव्या बुटाचं इलास्टिक सैल झालंय. मंगळवारच्या वर्गाआधी शिवून घ्यायचंय.