एक तार गेली की दोन जातात

धंदा माझा पेटीचा. दुकान शहापुरात. ज्या बेळगावात पं. रामभाऊ विजापुऱ्यांची पेटी लोकांनी समोर बसून ऐकली, तिथं बेसूर पेटी कोण खपवून घेणार? त्यामुळं काम बारा महिने. पियानो मात्र वर्षाला चार-पाच, तेही कॅम्पातले.

होळी झाली आणि कॅम्पातल्या एका हॉलमधून बोलावणं आलं. गोव्याहून पाच वादक यायचे होते. पियानो, आणि फुंकायची चार वाद्यं: ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बसून (हे वाद्याचं नाव हाय, बसून वाजवतात म्हणून नव्हे). कार्यक्रम साडेसहाला, मी सकाळी नवालाच हजर. पट्टी दाबून बघितली आणि पोटात गोळा आला. सेकंदाला ४४० कंपनं पाहिजेत तो सूर ४३६ ला. पावसाळ्यात लाकूड फुगतं, सूर चढतो; हवा कोरडी झाली की उतरतो. त्यात याला कैक वर्षं कुणी हात लावलेला नव्हता.

"मग फुंकणाऱ्यांना जरा खाली याला सांगूया की," व्यवस्थापक म्हणाले.

क्लॅरिनेटचा सांधा ओढता येतो, हॉर्नची नळी सरकवता येते. पण ओबोला खाली यायला जागा फार थोडी. जास्ती ओढलं की त्याचेच सूर एकमेकांशी भांडतात. ऑर्केस्ट्रात सगळे ओबोवरून लावून घेतात, पियानो असला की पियानोवरून. वाजता वाजता त्याला हलता येत नाही, पेटीसारखंच. पेटीत निदान रीड खरवडून भागतं. टोकाकडं खरवडली की सूर चढतो, बुडाकडं खरवडली की उतरतो. इथं सव्वादोनशेच्या आसपास तारा, एकेक पिळायच्या. आधी सगळ्या ढोबळ चढवल्या, मुद्दाम केसभर जास्तीच, कारण ताण वाढला की मागच्या परत ढिल्या पडतात. मग दुसरा हात.

तीनच्या सुमाराला वरच्या सप्तकात टण्णकन आवाज झाला. गालाजवळून काहीतरी सणकत गेलं. तार तुटली. या पियानोत एकच तार मागच्या खुंटीला वळसा घालून परत येते, म्हणजे एक तुटली की दोन जातात. दोन्ही एकाच स्वराच्या असत्या तर तिथं तीनातली एकच उरली असती, आणि तो स्वर लंगडा वाजला असता. नशीब, शेजारच्या दोन स्वरांची एकेक गेली. दोन्हीकडं दोन-दोन उरल्या. तुकडे काढून खिशात टाकले आणि पुढं पिळत राहिलो.

वादक आले. ओबोवाल्या बाईंनी पत्ती तोंडात भिजवत सूर मागितला. मी पट्टी दाबली. त्यांनी वाजवून बघितलं, मान हलवली. त्या मानेसाठी नऊ तास.

आधी मोत्झार्टचं १७८४ चं पंचक, मग बेथोव्हेनचं. तीच पाच वाद्यं, स्वरही तोच. बेथोव्हेन स्वतः हे वाजवताना शेवटच्या भागात एका थांब्यावर मनानंच वाजवत सुटला, म्हणे. बाकीचे दर वेळी वाद्य तोंडाला लावायचे, परत खाली घ्यायचे. ओबोवाला भयंकर चिडला होता.

माझं लक्ष कुठलं संगीतात! कागद उडतात म्हणून पंखे बंद. हॉल तापला की फुंकवाद्यं वर चढणार, पियानोच्या तारा खाली येणार. मध्यंतरात चावी घेऊन मंचावर चढलो, मधल्या सप्तकातले पाच-सहा स्वर सावरले. पहिल्या रांगेतले एक आजोबा, आमचं जुनं गिऱ्हाईक, खालूनच ओरडले,

"काय रे, पेटी सोडून हितं काय करूलालास?"

दुसऱ्या दिवशी त्यांची पेटी दुकानात आली. गांधारची रीड बसली होती.