तुम्ही विचारलंत म्हणून : झाडं टिकत नाहीत, पुरतात

घरी कोणी पहिल्यांदा आलं की खिडकीशी थबकतं. वर कुंड्यांची रांग आणि त्या रांगेखाली मागचे पाय लांबवून पडलेला दोन किलोंचा ससा. मग प्रश्न येतोच : "हा मोकळाच असतो? मग तुमची झाडं टिकतात कशी?" दुसरा प्रश्न जरा उशिरा, बहुतेक वेळा निघता निघता : "याला कुठली झाडं चालतात त्याची यादी द्या ना, आम्हीही ससा आणतोय."

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. झाडं टिकत नाहीत, पुरतात. दुसऱ्याला मात्र मी यादी देत नाही, फांदी देते. त्यामुळे लोकांना मी कंजूष तरी वाटते, नाहीतर विक्षिप्त. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगून टाकते.

आमच्या सशाचं नाव तात्या. आला तेव्हा मुठीएवढा होता, पण चेहऱ्यावर भाव असा की आता कोणाच्या तरी कामात खोट काढणार. नाव पडलं आणि पाठोपाठ आपोआप अहो-जाहोही सुरू झालं. तर तात्या आले तेव्हा घरात झाडं होतीच. एक मनी प्लांट कपाटावर होता, त्याचा वेल खाली लोंबायचा. ससा काही कपाटावर चढत नाही, असा माझा हिशेब. ससा चढला नाहीच, पान खाली आलं. पिवळं पडून गळलेलं एक, आणि त्याची चव बघून झाल्यावर मागच्या पायांवर उभं राहून ओढलेली दोन. संध्याकाळी बघते तर हनुवटी लाळेनं ओली, पुढच्या पंजांनी सारखं तोंड पुसणं चाललेलं आणि समोरच्या गवताकडे ढुंकूनही पाहत नव्हते.

मनी प्लांट अळूच्या कुळातला. अळू ज्यामुळे खाजरं असतं, तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुयांसारखे स्फटिक याच्याही पानांत असतात. चावलं की त्या सुया जिभेत, हिरड्यांत घुसतात. डिफेनबेकिया, पीस लिली, मॉन्स्टेरा, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, झीझी प्लांट, सगळा त्याचाच गोतावळा. शोभेची म्हणून माणसं हौसेनं घरात आणतात, त्यांतली बरीचशी झाडं इथेच संपली.

डॉक्टरांनी त्या रात्री दोन गोष्टी बजावून सांगितल्या. सशाला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं पुढेच जाणार. आणि त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. दहा-बारा तास खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर सकाळ व्हायची वाट बघत बसायचं नाही. दुखणं कमी करणारं औषध झालं, कालवलेलं खाद्य बिनसुईच्या सिरिंजनं थोडं थोडं भरवून झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी चार लेंड्या पडल्या. मी त्या मोजल्या, आणि घरातल्या प्रत्येकाला बोलावून दाखवल्या.

तोवर माझाही समज हाच होता की जनावराला कळतं काय खायचं ते. अजूनही कोणी ना कोणी मला हे ऐकवतंच. पण कळतं म्हणजे कुठलं कळतं? पाळीव ससा हा युरोपातल्या रानसशाचा वंशज, मूळ गाव स्पेन-पोर्तुगालकडचं. मनी प्लांट मूळचा प्रशांत महासागरातल्या मोओरेआ नावाच्या बेटावरचा. डिफेनबेकिया अमेरिकेच्या उष्ण जंगलांतलं. या मंडळींची पहिली गाठ पडली ती माणसांच्या दिवाणखान्यात. पूर्वजांनी कधी पाहिलंच नाही, त्याविषयी रक्तात काय उतरणार?

आणि काय खायचं हे सशाचं पिल्लू बरंचसं आईकडून शिकतं. ससीण दिवसातून साधारण एकदाच पाजते, तेही तीन-चार मिनिटं, मग शिकवते कधी? 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही माद्यांना जुनिपर नावाचं झुडूप खाऊ घातलं. त्यांची पिल्लं दूध सोडून खायला लागली तेव्हा त्यांनी जुनिपरला पसंती दिली. पोटात असताना, दुधातून किंवा बिळात आईनं टाकलेल्या लेंड्यांतून, यांतला कुठलाही एक मार्ग पुरेसा होता. तात्यांच्या आईनं आयुष्यात काय खाल्लं असेल? पिशवीतल्या गोळ्या. म्हणजे तात्यांचं वडिलोपार्जित ज्ञान तेवढंच.

आता यादीकडे येते. मीही सुरुवातीला यादीच केली होती, वहीत, दोन रंगांत. ती बुडाली नावांमुळे. पाम चालतो असं मी लिहिलं होतं. अरेका पाम चालतोच. पण सागो पाम मुळात पामच नाही, तो सायकस. त्याचं पान, खोड, बी सगळंच जहाल, बी तर सगळ्यांत जास्त. फर्न चालतं, बॉस्टन फर्न. अस्पॅरागस फर्न नावापुरतंच फर्न, आणि त्याची लाल फळं पोट बिघडवतात. खऱ्या बांबूची पानं ससे आवडीनं खातात, पण काचेच्या भांड्यात पाण्यात उभा असतो तो लकी बांबू हा बांबू नव्हे, ड्रॅसिना नावाचं वेगळंच झाड. ज्यांनी या झाडांची नावं ठेवली त्यांच्या घरी ससे नसावेत.

शिवाय घरात लावायच्या झाडांच्या ज्या याद्या सहज मिळतात त्या बहुतेक मांजर-कुत्र्यांचा विचार करून केलेल्या असतात. मांजर पान चावतं, बेचव लागलं तर थुंकतं, जास्त झालं तर ओकतं. ससा त्याच कुंडीला जेवायला बसतो. उलटही होतं : पुदिना आणि पार्सली मांजर-कुत्र्यांच्या यादीत घातक म्हणून असतात, कारण जास्त खाल्लं तर त्यांना बाधतं, आणि तात्या मात्र पुदिन्याची वाट बघत दाराशी बसतात. याहून मजेशीर गोष्ट बेलाडोना या विषारी झाडाची, त्याच्या पानांत अ‍ॅट्रोपिन नावाचं विष असतं. काही सशांच्या अंगात अ‍ॅट्रोपिन मोडून टाकणारं एक विकर (एन्झाइम) असतं, ते बेलाडोनाची पानं खाऊनही ठणठणीत राहतात. शेजारच्या पिंजऱ्यातल्या सशात ते नसलं की त्याचं काय व्हायचं ते होतं. म्हणून "आमच्या सशानं खाल्लं, काही झालं नाही" या वाक्यावर मी भरवसा ठेवणं सोडलं. माझ्या तोंडून आलं तरी तुम्हीही ठेवू नका.

मग मी घरातली झाडंच बदलली. ससा आणि झाडं यांच्यात कुंपण घालत बसण्यापेक्षा तोंडात गेलं तरी चालेल अशीच झाडं ठेवायची, एवढा एक नियम. मनी प्लांट गेला, स्नेक प्लांट गेला, कोरफड गेली, पानफुटी गेली (तिच्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, हे कळल्यावर त्याच दिवशी). कंदातून उगवणारी फुलझाडं सरसकट बंद. कांद्याची-लसणाची पात सुद्धा, कारण ती सशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते. आल्या त्या कोथिंबीर, पुदिना, शेपू, बेसिल, गव्हांकुर, आणि शोभेला स्पायडर प्लांट, अरेका, एक जास्वंद.

प्रत्येक वनस्पतीच्या मी तीन कुंड्या ठेवते. एक तात्यांसमोर जमिनीवर, एक नुकतीच बोडकी होऊन वर गेलेली, एक भरत आलेली. पाळीपाळीनं फिरतात. हीच ती 'पुरतात'ची युक्ती, यापलीकडे गुपित नाही. फक्त कुठलं झाड समोर ठेवायचं आणि कुठलं कापून द्यायचं हे शिकायला मला वर्ष लागलं. सशाचे पुढचे दात फांदी सुरीनं छाटावी तशी कापतात, तिरपी आणि साफ, पण कुठून कापायची हे विचारत नाहीत. बेसिलला पेराच्या वर खुडलं तर एका शेंड्याचे दोन होतात. तात्या बुडापासून कापतात, मग काहीच होत नाही. म्हणून बेसिल वर, आणि त्यांच्या वाट्याला हातानं खुडलेले शेंडे. पुदिन्याचं तसं नाही, त्याची धावती खोडं मातीतून सरकत राहतात, वरचं सगळं फस्त झालं तरी आठवड्याभरात परत डोकं काढतो. गव्हांकुर तर समोर ठेवण्यासाठीच आहेत : गहू रात्रभर भिजवायचे, मातीच्या पातळ थरावर दाटीनं पसरायचे, आठ-दहा दिवसांत वीतभर वाढतात. कोथिंबीर आणि शेपू एकदा कापल्यावर फारसे फुटत नाहीत आणि रोप हलवलेलं दोघांनाही खपत नाही, म्हणून दर पंधरा दिवसांनी थेट कुंडीतच थोडं थोडं पेरायचं. धने हलके रगडून दोन फोडी करून टाकले तर जास्त उगवतात, कारण प्रत्येक धन्यात दोन बिया असतात.

हे सगळं तोंडी लावण्यापुरतं, बरं का. सशाचं जेवण म्हणजे वाळलं गवत, आहाराचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग तोच. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि झिजतात ते गवत चघळूनच. हिरवा पाला किलोभर वजनामागे रोज एक कप, तोही दोन-चार प्रकार मिळून. नवी वनस्पती एका वेळी एकच, आधी दोन पानं, मग दोन दिवस लेंड्यांवर नजर. पार्सली मी क्वचित देते. माणसाचं शरीर कॅल्शियम लागेल तेवढं घेतं, सशाचं आतडं खाल्लेल्यातलं बरंचसं घेऊन टाकतं आणि जास्तीचं लघवीवाटे काढतं. ते फार झालं की मूत्राशयात गाळ साठतो.

आता फांदीचं. मी फांदी का देते? कारण वनस्पती कुठली हा अर्धाच प्रश्न आहे. तिच्या अंगात काय गेलंय हा उरलेला अर्धा. विकतच्या रोपाला मुळांतून चढणारं कीटकनाशक दिलेलं असू शकतं, ते रसात असतं, पान कितीही धुतलं तरी जात नाही. मातीत रंगीत खताचे गोल दाणे असतात, पानांवर चकाकी आणणारा फवारा असतो. पेरणीसाठी मिळणारं बियाणं पुष्कळदा बुरशीनाशक चोळलेलं असतं, गुलाबी-निळं दिसतं ते. म्हणून विकत आणलेलं रोप माझ्याकडे तीन महिने बंद खोलीत राहतं, माती बदलून. त्या काळात आलेली पानं मी कापून टाकते आणि जमलं तर त्याच्या नव्या वाढीतून दुसरं रोप करते. कंटाळवाणं आहे. पण एकदा झालं की त्या रोपाची सगळी पिलावळ निर्धोक, आणि ती वाटायला मी मोकळी.

खत म्हणाल तर ते तात्यांकडूनच. सशाच्या लेंड्या फारशा तापत नाहीत, कुजवल्याशिवायही कुंडीत चालतात. तरी खायच्या झाडांना मी कुजवूनच घालते. मूत्रानं भिजलेला पसारा मात्र थेट नको, मुळं जळतात.

घ्यायला याल तेव्हा मी दोन गोष्टी विचारेन. घरात आणखी कुठलं जनावर आहे? मांजर असेल तर पुदिन्याऐवजी स्पायडर प्लांटची पिल्लं, ती दोघांनाही चालतात. आणि तुमच्या घरी आत्ता कुठली झाडं आहेत? इथे लोक चटकन बोलत नाहीत. तीन वर्षं जपलेला मॉन्स्टेरा कोणाला टाकवतो? टाका असं मी म्हणतही नाही. ज्यांच्या घरी ससा नाही, लहान मूल नाही, त्यांना द्या, माझा मनी प्लांट तसाच सुखात आहे. पण उंचावर ठेवतो असं सांगू नका. पानं गळतात.

सध्या खिडकीत पाण्याच्या पेल्यांत पुदिन्याच्या सहा काड्या आहेत, आठवड्यात मुळं धरतील. स्पायडर प्लांटची नऊ पिल्लं तयार आहेत. प्रत्येकाला मी चिठ्ठी बांधलीय : नाव, कधी लावलं, काय खत घातलं. तुमच्या पिल्लाची चिठ्ठी अर्धीच दिसली तर मला विचारून घ्या. कागदही तात्यांना आवडतो.